इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक प्रशिक्षण (बेळगाव सीमाभाग)

इलेक्ट्रॉनिक उपकरणांची जोडणी, तपासणी व दुरुस्ती करण्याचे आणि कारखान्यातील नियंत्रण यंत्रणा चालू ठेवण्याचे शिक्षण. बेळगाव शहर, खानापूर, निपाणी या मराठी पट्ट्यात ते दोन जागी मिळते : आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये आणि दुरुस्तीच्या दुकानातल्या टेबलापाशी. कारखान्यात नोकरीला आधी प्रमाणपत्र विचारतात. पण बंद पडलेल्या मशीनसमोर उभे केले की दुकानात काढलेले दिवसच कामाला येतात.

आयटीआयचे शिक्षण केंद्र सरकारच्या १९५० साली सुरू झालेल्या शिल्पकार प्रशिक्षण योजनेखाली चालते. ‘इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक’ हा ट्रेड दोन वर्षांचा असून त्यासाठी विज्ञान व गणित घेऊन दहावी पास असावे लागते. शेवटी देशपातळीवरची परीक्षा होते आणि राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळते. ते देशभर चालत असल्याने बेळगावात शिकलेला मुलगा कोल्हापूरला, पुण्याला किंवा गोव्याला गेला तरी त्याला पुन्हा परीक्षा द्यावी लागत नाही. पुढे १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली कारखान्यात उमेदवारी करता येते, किंवा डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. डिप्लोमानंतर अभियांत्रिकीची वाट आहे. कर्नाटकातल्या बहुतेक अभियांत्रिकी महाविद्यालयांची पदवी देणाऱ्या विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय (स्थापना १९९८) बेळगावातच आहे. महाराष्ट्र सरकार ज्या ८६५ गावांवर हक्क सांगते, तिथल्या मराठी मुलांसाठी महाराष्ट्रातल्या तंत्रशिक्षणाच्या प्रवेशात वेगळी तरतूद आहे. त्यामुळे काही घरांत दहावीच्या निकालानंतर दोन्ही राज्यांचे फॉर्म भरले जातात.

या भागातली खरी अडचण भाषेची, आणि तिच्याबद्दल फारसे लिहिले जात नाही. मराठी माध्यमातून एसएसएलसी (कर्नाटकातली दहावी) झालेल्या मुलाने ‘रोध’, ‘विभवांतर’, ‘विद्युतधारा’ हे शब्द पाठ केलेले असतात. वर्गात शिकवणारे कन्नडमधून समजावतात आणि फळ्यावर इंग्रजीत लिहितात. पहिले काही महिने ‘रेझिस्टन्स’ म्हणजे आपला तोच रोध, हे जुळवण्यात जातात. रेझिस्टरवरचे रंगांचे पट्टे लक्षात ठेवायला सगळीकडे ‘बी बी रॉय’ने सुरू होणारे इंग्रजी वाक्य घोकून घेतात. पण त्यातला कोणता ‘बी’ काळ्याचा, कोणता तपकिरीचा आणि कोणता निळ्याचा, हे रंगांची इंग्रजी नावे येत असतील तरच कळणार. त्यापेक्षा काळा शून्य, तपकिरी एक, लाल दोन, नारिंगी तीन, पिवळा चार, हिरवा पाच, निळा सहा, जांभळा सात, राखाडी आठ, पांढरा नऊ असे थेट मराठीत पाठ करणारी मुले लवकर तयार होतात. पिवळा-जांभळा-लाल म्हणजे ४,७०० ओम. शेवटचा सोनेरी पट्टा असेल तर त्यात पाच टक्क्यांचा फरक धरायचा. वर्षभरात मात्र तिन्ही भाषांची भेळ होते आणि कुणाचे काही अडत नाही. दिवे गेले की एक जण ‘करंट होगेती’ म्हणतो, दुसरा ‘करंट गेला’ म्हणतो, आणि दोघेही मल्टिमीटर (व्होल्ट, ओम मोजायचे यंत्र) बाजूला ठेवतात.

अभ्यासक्रमाची सुरुवात हत्यारे, सुरक्षितता आणि सोल्डरिंगपासून होते. ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसे असलेले सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला वितळते. नवशिका ते सोल्डरिंग आयर्नच्या टोकावर वितळवून जोडावर टेकवतो. खरे तर आधी भागाचा पाय आणि बोर्डावरची तांब्याची पट्टी दोन्ही तापवायची आणि मग सोल्डर जोडाला लावायचे. नाहीतर ‘ड्राय सोल्डर’ राहते : दिसायला जोड पक्का, पण बोर्ड जरा हलला की उपकरण बंद. बंद पडलेल्या सेटवर हळूच टकटक करून बघायची सवय यातूनच आली.

दोन वर्षांत डायोड, ट्रान्झिस्टर, पॉवर सप्लाय, डिजिटल सर्किट, मायक्रोकंट्रोलर, सेन्सर असे पुष्कळ काही होते. उणीव राहते ती दोष शोधण्याच्या सरावाची. प्रशिक्षण किटवर प्रत्येक बिंदूला नाव छापलेले असते आणि किट बहुधा चालू असते. दुकानात आलेल्या बोर्डाच्या सर्किटचा नकाशा कुणाकडे नसतो, आणि तो बोर्ड आधी दोघातिघांनी खोललेला असतो.

दुकानातला पहिला धडा सिरीज बोर्डाचा. मेलेला बोर्ड थेट मेनवर न लावता शंभर वॉटच्या तारेच्या बल्बमधून लावतात. बोर्ड शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो, जास्तीचा भार स्वतःवर घेतो आणि बाकीचे भाग जळत नाहीत. बोर्ड ठीक असेल तर कॅपॅसिटर (वीज साठवणारा भाग) भरताना बल्ब क्षणभर चमकतो आणि मंदावतो. या कामाला एलईडी बल्ब चालत नाही, म्हणून जुना तारेचा बल्ब दुकानदार जपून ठेवतो. दुसरा धडा त्याच कॅपॅसिटरचा : २३० व्होल्टवर चालणाऱ्या बोर्डात त्याच्यावर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी (एकाच दिशेचा विद्युतदाब) साठतो आणि प्लग काढला तरी काही वेळ राहतो. तो रेझिस्टर लावून उतरवायचा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडणारे आहेत, पण चांगला उस्ताद ते करू देत नाही.

नोकऱ्यांची मोठी जागा उद्यमबाग आणि मच्छे परिसरातल्या फौंड्र्या (ओतकामाचे कारखाने) व मशीन शॉप. इंडक्शन भट्टीत थायरिस्टर (मोठा करंट सांभाळणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) तीन फेजचा करंट आधी डीसी करतात, मग इन्व्हर्टर तो मध्यम फ्रिक्वेन्सीचा करून कॉइलमध्ये सोडतो आणि लोखंड आतूनच तापून वितळते. ही कॉइल पाण्याने थंड ठेवतात, त्यामुळे भट्टी सांभाळणाऱ्याला पाण्याचा पाइपही बघावा लागतो. सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) मशीनवर ‘अलार्म’ आला की नवखा प्रोग्रॅम उघडतो. जुना आधी प्रॉक्सिमिटी सेन्सरचे (धातू जवळ आला की ओळखणाऱ्या सेन्सरचे) तोंड पुसतो, कारण तिथे अडकलेला लोखंडाचा बुरा सेन्सरला भाग जवळ आल्याचे खोटेच सांगत असतो.

जिल्ह्यातले साखर कारखाने हा वेगळा प्रकार. दाब, तापमान, पातळी यांची मोजणी ४ ते २० मिलिअँपिअरच्या विद्युत संदेशाने होते. शून्याऐवजी चारपासून सुरुवात असल्याने वायर तुटली की आकडा चाराखाली जातो आणि दोष लगेच कळतो. हंगामात रात्रीअपरात्री बोलावणे येते. कॅलिब्रेशन (मोजणीची उपकरणे बरोबर दाखवतात का ते तपासणे) आणि केबलची कामे गाळप बंद असताना उरकतात.

अलीकडे कर्नाटक सरकारने टाटा टेक्नॉलॉजीजच्या सहकार्याने १५० सरकारी आयटीआयमध्ये रोबोटिक्स, इलेक्ट्रिक वाहन अशा विषयांची नवी यंत्रसामग्री आणली. गल्लीतल्या दुकानात मात्र टीव्हीची जागा इन्व्हर्टर, सीसीटीव्ही आणि एलईडी दिव्यांनी घेतली आहे. केवळ दुकानात शिकलेल्यांना पूर्वानुभवाची चाचणी देऊन प्रमाणपत्र मिळवता येते. सुट्टीत दुकानात बसणारे आयटीआयचे विद्यार्थीही आहेत. पगार नावापुरता, पण दिवसाला चार वेगवेगळे बोर्ड हाताखालून जातात.