ही ओल कालची की चार वर्षांची?

विम्याच्या दाव्याच्या अर्जात एक साधा रकाना असतो: नुकसान कोणत्या तारखेला झालं? वरच्या मजल्यावरचा पाइप रात्री फुटला आणि पहाटे तुमच्या छतातून धार लागली, तर तो रकाना भरायला काहीच अडचण नाही. पण हॉलच्या भिंतीला दर पावसाळ्यात येणारी ओल यंदा जरा जास्तच पसरली, छताचं पीओपी खाली आलं आणि मग विमा आठवला, तर काय लिहायचं? साहजिकच पीओपी कोसळल्याची तारीख लिहिली जाते. मग कंपनीनं नेमलेला सर्वेअर येतो. भिंतीवरून हात फिरवतो, नखानं रंग खरवडतो, बोटाच्या पेरानं टकटक करून बद्द आवाज कुठवर येतो ते बघतो. चहा होईपर्यंत त्याचा अंदाज झालेला असतो.

भिंतीत त्याला काय दिसतं, ते समजून घेण्यासारखं आहे. पण आधी विमा कशाचा असतो ते थोडक्यात पाहू. विमा नियामक प्राधिकरणाच्या आदेशानं १ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी 'भारत गृह रक्षा' ही एकसारख्या मजकुराची पॉलिसी लागू झाली. (गृहकर्ज असेल तर कर्जाची फाइल एकदा काढून बघा. पुष्कळांच्या फाइलीत विमा निघतो आणि घरात कुणालाच ते माहीत नसतं.) या पॉलिसीत धोक्यांची यादी असते. पाण्यापुरतं बोलायचं तर त्यात वादळ आणि पूर आहे, पाणी तुंबून घरात शिरणं आहे, तसंच टाक्या, पाइप आणि पाण्याची उपकरणं फुटणं किंवा भरून वाहणं आहे. वर्षानुवर्षं झिरपणाऱ्या पाण्याचं नाव त्या यादीत नाही. विम्याला घटना लागते. झीज, जुनाटपणा आणि राहून गेलेली डागडुजी मालकाच्या खात्यावर पडते. म्हणजे सगळा वाद शेवटी येतो वेळेवर, आणि भिंतीवरच्या डागात ती वेळ बऱ्यापैकी नोंदलेली असते.

वीट, गिलावा, काँक्रीट हे सगळं हाताला घट्ट लागत असलं तरी आतून छिद्रांचं जाळं असतं. पाणी छिद्रांच्या कडांना चिकटतं आणि पृष्ठताणाच्या जोरावर वर ओढलं जातं. शाळेत शिकलेलं केशाकर्षण ते हेच. ढोबळ गणित असं: छिद्राची त्रिज्या मिलिमीटरमध्ये घ्यायची आणि १५ला तिनं भागायचं, पाणी तितके मिलिमीटर चढतं. १ मिलिमीटर त्रिज्येच्या नळीत जेमतेम दीड सेंटिमीटर, पण ०.०१ मिलिमीटरच्या छिद्रात दीड मीटर! प्रत्यक्षात पाणी चढता चढता भिंतीवरून उडूनही जात असतं, त्यामुळे जमिनीतून येणारी ओल बहुधा कमरेपर्यंत, फार तर छातीपर्यंत येऊन थांबते.

पूरग्रस्तांना याचा एक वेगळाच त्रास होतो. सांगली-कोल्हापुरात ऑगस्ट २०१९ मध्ये किंवा चिपळूणला जुलै २०२१ मध्ये ज्यांच्या घरात पाणी शिरलं, त्यांच्या भिंतींवर पाणी ओसरल्यावर गाळाची सरळ आडवी रेघ उरते. काही दिवसांनी तिच्या वर, वेड्यावाकड्या कडेची, दुसरी रेघ उमटते. पुराचं पाणी तिथवर पोचलेलं नसतं. गिलाव्यानं ते खालून शोषून वर नेलेलं असतं. मोजणाऱ्याची नजर आपसूक पहिल्या रेघेवर जाते, गिलावा मात्र दुसऱ्या रेघेपर्यंत खराब झालेला असतो. भिंतीला टेप लावून दोन्ही रेघांचे फोटो काढावेत.

आता डागाची कड. टेबलावर चहाचा थेंब वाळला की मधे फिका आणि कडेला गडद डाग उरतो. असं का होतं, याचं नीट उत्तर १९९७ मध्ये शिकागो विद्यापीठातल्या रॉबर्ट डीगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिलं. थेंबाची कड जागेला चिकटून बसते आणि कडेचं पाणी सर्वांत वेगानं उडतं. ते भरून काढायला आतलं पाणी कडेकडे वाहतं आणि जाताना कण घेऊन जातं. भिंतीत हे इतकं नेटकं घडत नाही, तरी ओल जिथे संपते तिथे बाष्पीभवन होऊन पाण्यातला मळ आणि क्षार साठतात हे खरं. पुढच्या खेपेला पाणी थोडं कमी-जास्त आलं की कड दुसरीकडे पडते. एकदाच भिजलेल्या छतावर सहसा एकच पिवळसर कड दिसते. एकात एक अशा चार-पाच कडा दिसल्या, तर पाणी पुन्हा पुन्हा येऊन गेलंय. कालच पाइप फुटला असं सांगणाऱ्याची इथेच पंचाईत होते.

दुसरी खूण पांढऱ्या भुकटीची. आपल्याकडे याला लोणा लागला म्हणतात. वाळू, सिमेंट, वीट आणि जमिनीतलं पाणी यांतले क्षार ओलीबरोबर पृष्ठभागाशी येतात. पाणी उडतं, स्फटिक मागे राहतात. हे एका रात्रीत होत नाही. भिजणं-वाळणं बरेचदा व्हावं लागतं. यातला सोडियम सल्फेट सगळ्यांत खोडकर. कोरड्या रूपातून पाणी धरलेल्या स्फटिकाच्या रूपात जाताना त्याचं आकारमान सुमारे चौपट होतं. एवढा स्फटिक रंगाच्या थराखालच्या बारीक छिद्रात वाढला की रंग आणि पुट्टी उचलली जाते. तेच आपले पोपडे.

लोणा आणि बुरशी यांत लोक नेहमी गल्लत करतात. पांढऱ्या भागावर पाण्याचा एक थेंब ठेवा. क्षार विरघळतो आणि डाग तेवढ्यापुरता नाहीसा होतो. बुरशी नुसती दबते, राहते तिथेच. आणि स्लॅबच्या भेगेतून खडूसारखा कडक पांढरा थर किंवा छोटी लोंबती सुळकी आली असेल, तर तिच्यावर लिंबाचा रस पिळा. फसफसलं तर ते कॅल्शियम कार्बोनेट. काँक्रीटमधला चुना पाण्यात विरघळून बाहेर आला आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून घट्ट झाला. अशी सुळकी ज्या छताला लटकते, तिथली गळती नक्कीच या आठवड्यातली नाही.

बुरशीचं घड्याळ मात्र फार वेगानं चालतं. पृष्ठभागालगतची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर टिकली की तिला पुरते, आणि भिजल्यावर एक-दोन दिवसांत ती रुजू लागते. त्यामुळे काळ्या ठिपक्यांवरून जुनी गळती सिद्ध होत नाही. कोकणात जुलैत कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावरही बुरशी येते, तिथे कुठला पाइप फुटलेला असतो? सर्वेअरनं केवळ बुरशी दाखवून दावा जुना ठरवला, तर त्याच्याशी हुज्जत घालायला हरकत नाही.

सर्वांत संथ घड्याळ सळ्यांचं. ताज्या काँक्रीटचा सामू (पीएच) १२.५ ते १३ असतो आणि एवढ्या अल्कधर्मी वातावरणात लोखंडावर संरक्षक थर टिकतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत शिरत सामू ९च्या खाली आणतो किंवा समुद्राकाठी क्लोराइड आत जातं, आणि तो थर मोडतो. त्यात पाणी मिळालं की गंज धरतो. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत भरतं. काँक्रीट आतून ढकललं जातं आणि स्लॅबचा खपला पडतो. खपला पडला तो क्षण घटनेसारखा वाटतो. उघड्या पडलेल्या तपकिरी सळ्या मात्र वेगळंच सांगतात.

मूळ शोधणं हे स्वतंत्र काम आहे, कारण पाणी जिथे दिसतं तिथून ते क्वचितच आलेलं असतं. बाथरूममधून स्लॅबमध्ये उतरलेलं पाणी विजेच्या वायरींच्या नळीत शिरतं आणि दोन खोल्या सोडून पंख्याच्या हुकातून टपकतं. अशा वेळी बादली नंतर, आधी मेन स्विच बंद. मग काही दिवस नुसतं निरीक्षण करा. पावसाबरोबर ओल वाढते-घटते का? तर संशय गच्चीवर किंवा बाहेरच्या भिंतीवर. बाराही महिने सारखीच असेल तर दाबाच्या, म्हणजे सतत पाण्यानं भरलेल्या, पाइपवर. वरच्यांकडे पाहुणे आले की वाढत असेल, तर त्यांच्या नहाणी ट्रॅपवर (बाथरूमचं पाणी जिथून निचरतं ते जाळीचं तोंड) किंवा फरशीच्या सांध्यांवर. नहाणीचं तोंड बंद करून रंगीत पाणी दिवसभर साठवून ठेवलं, तर निकाल बहुधा खालच्या छतावर लागतो. ओल भिंतीतूनच येते की खोलीतल्या दमट हवेची आहे, हे बघायला दीड फूट चौरस प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेवावं. थेंब प्लास्टिकच्या आत जमले तर भिंत दोषी, बाहेर जमले तर हवा.

हातातल्या मॉइश्चर मीटरच्या आकड्यावर फार विसंबू नये. त्यातला साधा प्रकार विजेचा रोध मोजतो आणि क्षारामुळेही रोध कमी होतो, म्हणून लोणा लागलेली कोरडी भिंतही तो ओली दाखवतो. खात्रीची पद्धत जुनी आहे. भिंतीला भोक पाडून निघालेली भुकटी वजन करून बंद पोलादी डब्यात कॅल्शियम कार्बाइडबरोबर हलवायची. ओलाव्यातून ॲसिटिलीन वायू तयार होतो आणि डब्यावरचा काटा त्याचा दाब दाखवतो. आंबे पिकवायला वापरू नये म्हणून ज्याच्यावर बंदी आहे, तोच हा कार्बाइड; इथे मात्र तो इमानेइतबारे काम करतो.

मूळ सापडण्याआधी आतून वॉटरप्रूफ रंग लावणं म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. पाणी मागून येतच राहतं, बाहेर पडायची वाट मात्र बंद होते, आणि पुढच्या वर्षी पोपडे आणखी मोठे निघतात. वाळवण्याची घाईही तशीच. ३० अंश तापमानाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅम वाफ मावते. जुलैत आर्द्रता ९० टक्के असताना तिच्यात जेमतेम ३ ग्रॅमची जागा उरते. हिवाळ्यातल्या दुपारी तितकीच उष्ण पण ३० टक्के आर्द्रतेची हवा असेल, तर २१ ग्रॅमची. म्हणजे पावसाळ्यात खिडक्या सताड उघडून भिंत वाळत नाही. दारं-खिडक्या लावून एसी ड्राय मोडवर ठेवणं आणि जोडीला पंखा लावणं, हे त्यापेक्षा बरं. भिजलेलं काँक्रीट चांगल्या परिस्थितीतही महिन्याला साधारण एक इंच या चालीनं वाळतं, असा बांधकामातला ठोकताळा आहे. पाच इंचांचा स्लॅब आणि वर ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) धरला, तर ऑगस्टमध्ये भिजलेलं छत दिवाळीच्या रंगकामाला तयार नसतं, रंगारी काहीही म्हणो.

दावा करायचा असेल तर पाणी थांबवा, वीज तोडा, कंपनीला लगेच कळवा आणि आवराआवर करण्याआधी व्हिडिओ काढा. फुटलेल्या पाइपचा तुकडा मात्र प्लंबरला भंगारात नेऊ देऊ नका. ताज्या फुटीची कड स्वच्छ, चकचकीत असते. जुन्या भेगेत क्षाराचा थर आणि मळ बसलेला असतो. तुमच्या बाजूनं बोलणारा याहून चांगला साक्षीदार मिळणार नाही. त्याच कारणासाठी मे महिन्यात घराच्या भिंती-छतांचं चित्रण करून ठेवावं. आधीचा डाग केवढा होता हे दाखवता आलं, तर नव्या घटनेतलं नुकसान वेगळं काढता येतं. जुनी ओल असलेल्या घरातही पाइप अचानक फुटू शकतोच.

रकमेबाबत दोन गोष्टी. 'भारत गृह रक्षा'त इमारतीची विमा रक्कम बांधकामाच्या खर्चावर ठरते, फ्लॅटच्या बाजारभावावर नाही. घरातल्या सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळतं.

दावा नाकारला गेला तर कारण लेखी मागा. आधी कंपनीकडेच लेखी तक्रार करावी लागते. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत, ५० लाख रुपयांपर्यंतची भरपाई ते मंजूर करू शकतात, फी नाही आणि वकीलही लागत नाही. तक्रारीला पाइपचा तो तुकडा जोडता येत नाही, पण पट्टी शेजारी ठेवून काढलेला त्याचा फोटो जोडता येतो.