फायबरच्या होडीच्या अंगावरचं मेण

धुळ्यात मुंबई-आग्रा हायवेच्या कडेला, ट्रकच्या बॉड्या रंगवणाऱ्या एका शेडमध्ये गेले काही महिने वीस फुटी शिडाची होडी ठोकळ्यांवर उभी आहे. मुंबईहून ट्रेलरवर, कसारा घाट चढून आलेली. वय पस्तिसाच्या आसपास. सारंगखेड्याच्या बॅरेजमागे तापीला जो फुगवटा आहे, त्यात ती सोडायची असं आम्हा तिघा मित्रांचं ठरलंय. शीड आणि सुकाणूचं काम सरळ पार पडलं. अडलं ते केबिनच्या आतल्या रंगापाशी. पहिल्यांदा मी घासून, पुसून, चांगला महाग रंग लावला आणि पंधरा दिवसांत तो केळीच्या सालीसारखा हातात आला.

शेडमधल्या पेंटर आप्पांनी डब्याकडे पाहिलंही नाही. ओंजळीत पाणी घेऊन त्यांनी उघड्या पडलेल्या भिंतीवर शिंपडलं. अळूच्या पानावरून घरंगळावं तसं ते थेंब थेंब होऊन खाली गेलं. "भाऊ, याना आंगले मेण लागेल शे," ते म्हणाले. आप्पांचं आयुष्य ट्रक रंगवण्यात गेलं, होडी त्यांनी कधी हाताळली नव्हती. तरी ते अक्षरशः खरं बोलले होते. त्या भिंतीवर मेण होतंच, आणि ते कारखान्यातच, मुद्दाम घातलेलं होतं.

आपण ज्याला नुसतं फायबर म्हणतो ते काचेचे तंतू आणि पॉलिएस्टर रेझिन यांचं मिश्रण. १९४२ साली अमेरिकेतल्या ओहायोमध्ये रे ग्रीन यांनी अशी होडी बनवली, आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत तिकडच्या छोट्या होड्यांमधून लाकूड जवळपास हद्दपार झालं. रेझिन डब्यात पातळ असतं, कारण त्यातल्या पॉलिएस्टरच्या लांब साखळ्या स्टायरीन नावाच्या द्रवात विरघळलेल्या असतात. त्यात शेकडा एक-दोन टक्के हार्डनर, म्हणजे पेरॉक्साइड, घातलं की त्यातून अर्धवट, जोडीदार शोधणारे रेणू तयार होतात. त्यांना मुक्त मूलक म्हणतात. ते साखळ्यांमध्ये स्टायरीनचे पूल बांधत सुटतात आणि पातळ रेझिनचा दगड होतो. हे पूल एकदा बांधले की पुन्हा वितळत नाहीत, म्हणून पस्तीस वर्षांनंतरही होडी ठणठणीत राहते.

पण या मूलकांना साखळीपेक्षा हवेतला ऑक्सिजन जास्त जवळचा. तो भेटला की ते त्यालाच चिकटतात आणि पुलाचं काम तिथेच थांबतं. म्हणून हवेला उघडा राहिलेला रेझिनचा पृष्ठभाग कितीही दिवस चिकचिकीत राहतो. आता होडी कशी बनते ते पाहा. साच्याला मेण फासतात, त्यावर जेलकोटचा रंगीत थर, त्यावर काचेची चटई आणि रेझिन. म्हणजे होडी बाहेरून आत बनत जाते. बाहेरची बाजू साच्याला टेकलेली, तिला हवा लागतच नाही. ती काचेसारखी गुळगुळीत निघते. आतली बाजू मात्र उघडी. ती चिकट राहू नये म्हणून शेवटच्या थरात थोडं पॅराफिन मेण मिसळतात. रेझिन गोठताना ते दुधावर साय यावी तसं वर येतं आणि हवा अडवतं. मला हे फार सुंदर वाटतं: ज्या मेणानं ती भिंत पुरती पक्की केली, तेच मेण पस्तीस वर्षांनी माझ्या रंगाला तिच्यापर्यंत पोहोचू देत नव्हतं.

रंग चिकटायचा तर आधी तो पसरायला हवा, आणि द्रव पसरतो तो स्वतःपेक्षा जास्त ओढ असलेल्या पृष्ठभागावर. मेणाची ओढ फार कमी. चूक माझ्या क्रमात होती. मी आधी घासलं. ८० नंबरच्या पॉलिश पेपरचा कण साधारण ०.२ मिलिमीटरचा असतो. त्याचे ओरखडे म्हणजे रंगाला पकड देणारे चर. मी घासत होतो तेव्हा घर्षणाच्या उष्णतेनं मऊ झालेलं मेण त्याच चरांत जाऊन बसत होतं. क्रम उलटा हवा: आधी ॲसिटोननं धुणं, नंतर घासणं. धुतानाही दोन फडकी लागतात. एका ओल्यानं मेण सोडवायचं आणि ते पुन्हा बसायच्या आत दुसऱ्या कोरड्यानं उचलायचं. एकाच फडक्यानं पुसत राहिलं तर मेण फक्त जागा बदलतं. फडकी सतत बदलावी लागतात, यात काटकसर करू नये. शेवटी आप्पांचीच परीक्षा पुन्हा घ्यायची. पाण्याचे थेंब न होता अखंड पातळ पडदा पसरला, तर घासायला सुरुवात करायची.

छताची गोष्ट वेगळी. तिथे फोमवाल्या रेक्झिनचं अस्तर होतं. रेक्झिन म्हणजे पीव्हीसी, जळगावात ज्याचे पाइप बनतात तेच. फरक एवढाच की पाइप कडक राहतो आणि रेक्झिन मऊ राहावं म्हणून त्यात तेलकट प्लॅस्टिसायझर घालतात. वर्षानुवर्षं ते तेल हळूहळू खालच्या गोंदात उतरतं आणि गोंदाचा काळा चिकटा होतो. तो खरवडूनच काढावा लागतो.

या सगळ्यात मी कळकळीनं सांगेन असं काही असेल तर ते वाफेबद्दल. ॲसिटोनची वाफ हवेच्या दुप्पट जड आणि थिनरमधल्या टोल्युइनची तिपटीहून जास्त. होडी म्हणजे एक मोठी परात. वाफ वर उडून जात नाही, तळाच्या पोकळीत, जिला होडीवाले बिल्ज म्हणतात तिच्यात, पाण्यासारखी साठते. ॲसिटोनची वाफ उणे २० अंशांनाही पेटू शकते. आत टेबलफॅन ठेवला तर त्याची एक ठिणगी पुरे. आम्ही ब्लोअर शेडबाहेर ठेवला आणि जाड पाइपनं ताजी हवा थेट बिल्जमध्ये सोडली, म्हणजे खालची वाफ ढकलली जाऊन वरच्या झाकणातून बाहेर पडते. वाफेसाठी कार्बन फिल्टरचा मास्क, धुळीसाठी वेगळा. दोन डब्यांचा, म्हणजे रंग आणि हार्डनर ऐनवेळी कालवायचा, पॉलियुरेथेन रंग मी आत वापरलाच नाही. त्याच्या हार्डनरमधल्या आयसोसायनेटनं कायमचा दमा जडू शकतो, आणि त्याचा मोठा गुण, उन्हात न विटणं, केबिनमध्ये वाया जातो. आत ऊन येतंच कुठे? दोन डब्यांचा इपॉक्सी प्रायमर आणि त्यावर साधा एका डब्याचा रंग, ब्रशनं आणि रोलरनं, हे पुरेसं आहे.

मग खानदेशची हवा. रासायनिक क्रिया ढोबळमानानं दर १० अंशांना दुप्पट वेगानं होते. कालवलेला इपॉक्सी किती वेळात वापरून संपवायचा ते डब्यावर असतं. तिथे २५ अंशांना ४० मिनिटं लिहिलं असेल, तर मे महिन्याच्या ४५ अंशांत हातात १० मिनिटं उरतात. मग खोल मग्यात कालवलेला इपॉक्सी स्वतःच्या उष्णतेनं धुमसू लागतो. तो पसरट ट्रेमध्ये ओतला की उष्णता निघून जाते. श्रावणात २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल, तर दवबिंदू २५ अंशांच्या आसपास येतो. भिंत रात्री तेवढी गार झाली की तिच्यावर न दिसणारं पाणी धरतं. पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश गरम असावा असा नियम आहे. डिसेंबरच्या कडाक्याच्या थंडीत अर्धवट कडक झालेल्या इपॉक्सीवर ओलाव्यानं आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं तेलकट पापुद्रा येतो. तो पाण्यानं धुऊन काढायचा असतो, घासून नाही. आम्ही फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा धरला, रोज सकाळी नऊ ते बारा.

रंग फिका पांढरा, बिल्जमध्येही. तिथे तेलाचा एक थेंब गळला तरी दिसावा म्हणून.

आठवड्यानं ब्लेडनं जाळीसारख्या चिरा मारून, चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढून पाहिली. छत, दोन्ही बाकं, कप्प्यांची झाकणं, कुठेच एक चौकोनही उचलला गेला नाही. इंजिनाच्या खोक्यामागे, जिथे माझा हात नीट पोहोचत नव्हता, तिथे चार चौकोन पट्टीबरोबर आले. तिथे पाणी शिंपडलं तर थेंब झाले. आप्पांचा पुतण्या बारीक आहे, त्याचा हात तिथे जातो. उद्या तो भाग ॲसिटोननं पुन्हा धुवायला घेतोय.