हाताने करून शिकणं: ही मागणी साडेतीनशे वर्षं जुनी आहे

मुलांना प्रत्यक्ष करू द्या, बाहेरचं जग वर्गात येऊ द्या, असं आम्ही प्राथमिकचे शिक्षक बोलायला लागलो की बऱ्याच जणांना वाटतं हे काहीतरी नवीन फॅड आहे, कुठल्यातरी ट्रेनिंगमधून आलंय आणि दोन वर्षांत जाईल. तसं अजिबात नाहीये. ही मागणी फार जुनी आहे, आणि मला तर वाटतं कल्पना कधी चुकलीच नाही, ती दरवेळी एकाच ठिकाणी अडकली. ते ठिकाण कुठलं हे कळायला थोडं मागे जावं लागेल.

आजच्या चेक देशातल्या मोराव्हिया भागात जन्मलेले शिक्षणतज्ज्ञ कोमेनिअस सतराव्या शतकात सांगत होते की आधी डोळ्यांना, कानांना, हातांना वस्तू भेटू दे, शब्द मागून येतील. १६५८ मध्ये न्युरेंबर्गला त्यांचं मुलांसाठीचं चित्रांचं पाठ्यपुस्तक छापलं गेलं, ते पुढे कित्येक पिढ्या वापरात राहिलं. मग १७६२ मध्ये विचारवंत रूसोंनी मूल निसर्गातून, स्वतःच्या अनुभवातून कसं वाढावं यावर लिहिलं, पण ती कागदावरची मांडणी होती, वर्गात उतरून करून बघितलं ते स्वित्झर्लंडच्या पेस्टालोझींनी. १७९९ मध्ये श्टान्स गावात लढाईत अनाथ झालेल्या मुलांना घेऊन ते काही महिने राहिले, शिकवलं, काम करवून घेतलं, मग १८०५ पासून इव्हेर्दोंला त्यांची संस्था चालली आणि ती बघायला युरोपभरातून लोक यायचे. डोकं, हृदय आणि हात तिन्ही एकत्र वाढले पाहिजेत, हे त्यांचं सूत्र. त्यांच्याकडे काम करून गेलेल्या फ्रोबेलनी १८३७ मध्ये जर्मनीत लहान मुलांसाठी चेंडू, ठोकळे, खेळ, बागकाम असं सगळं आणलं आणि त्यातून बालवाडी उभी राहिली. तीसुद्धा प्रशियाच्या सरकारला इतकी खुपली की १८५१ मध्ये बंदी घातली, ती उठायला १८६० उजाडलं.

आता खरी गोष्ट पुढे आहे. पेस्टालोझींची पद्धत इंग्लंडला पोचली, एलिझाबेथ मेयो यांनी १८३० च्या सुमाराला वस्तू दाखवून शिकवायचे पाठ लिहिले, आणि त्यातला पहिलाच पाठ काचेचा होता. काचेचा तुकडा मुलांच्या हातात द्यायचा, त्यांनी बघायचं, हात लावायचा, काय काय जाणवतं ते सांगायचं. किती छान! पण हे शाळाशाळांत पसरताना काय झालं तर काच बाजूला राहिली आणि गुळगुळीत, कठीण, पारदर्शक, ठिसूळ ही यादी मुलं पाठ करायला लागली. म्हणजे घोकंपट्टी घालवायला जी वस्तू आणली तिचीच घोकंपट्टी. हे वाचलं तेव्हा मला फार वाईट वाटलं, कारण आजही प्रकल्पाच्या वहीत हेच होतं, पानांचे नमुने चिकटवलेले असतात, खाली नावं लिहिलेली असतात आणि मुलाने ते झाड पाहिलेलं नसतं.

असं का होतं याचं उत्तरही त्याच देशात सापडतं. १८६२ मध्ये इंग्लंडमध्ये नियम आला की शाळेला मिळणारं सरकारी अनुदान मुलांच्या हजेरीवर आणि वाचन, लेखन, गणिताच्या परीक्षेवर ठरणार. इन्स्पेक्टर यायचा, एकेका मुलाला तपासायचा, नापास झालं की तेवढे पैसे कापले जायचे. पुढची तीसेक वर्षं कमीजास्त बदल होत हे चाललं. आता तुम्हीच सांगा, ज्या शिक्षकाचा पगार त्या एका दिवसावर आहे तो मुलांना काचेचा तुकडा हातात देऊन निवांत बघत बसू देईल का? तो यादीच पाठ करून घेणार, आणि त्याला दोष तरी कसा द्यायचा.

अमेरिकेत शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्युईंनी १८९६ मध्ये शिकागो विद्यापीठात प्रयोगशाळा म्हणून शाळा काढली, सुरुवातीला फक्त १६ मुलं. त्यांनी लिहून ठेवलेला एक प्रसंग मला फार आवडतो. मुलांसाठी योग्य अशी टेबलं-खुर्च्या शोधत ते गावभर दुकानं फिरले, काही मिळेना, शेवटी एक दुकानदार म्हणाला की तुम्हाला मुलं काम करतील असं फर्निचर हवंय, आमच्याकडचं सगळं ऐकण्यासाठीचं आहे. त्या दुकानदाराला सगळं कळलं होतं! वर्गातली बाकं आजही बघा ना, एकामागे एक, सगळी एकाच दिशेला.

त्या शाळेत मुलांना कच्चा कापूस आणि लोकर दिली होती. एका गटाने अर्धा तास बसून बोंडातून आणि सरकीतून कापूस सोडवला तर निघाला एक औंसापेक्षाही कमी, म्हणजे पंचवीस-तीस ग्रॅमसुद्धा नाही. त्यावरून मुलांना आपोआप कळलं की त्यांच्याकडच्या पूर्वजांनी सुती कपड्यांऐवजी लोकरीचे का वापरले असतील आणि सरकी काढायचं यंत्र आल्यावर एवढा फरक का पडला. इतिहास, भूगोल, गणित, यंत्र सगळं त्या मूठभर कापसातून निघालं. पण हेही सांगायला हवं की १९०२ च्या सुमाराला तिथे साधारण १४० मुलांना २३ शिक्षक होते, शिवाय मदतनीस वेगळे. हा आकडा बऱ्याच भाषणांत गाळला जातो, तो गाळू नये असं मला वाटतं.

गंमत म्हणजे पस्तीस-चाळीस वर्षांनी तोच कापूस वर्ध्यात आला. ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद झाली आणि झाकीर हुसेन समितीने नई तालीमचा आराखडा केला, सात वर्षांचं मोफत आणि सक्तीचं शिक्षण, मातृभाषेतून, आणि मध्यभागी एखादा हस्तोद्योग. टकळीवर सूत काततानाच तार मोजायचे, वजन करायचं, कापूस कुठल्या जमिनीत येतो ते बघायचं. यात एक अडचण होती, मुलांच्या कामातून शाळेचा खर्च निघावा अशी अपेक्षाही जोडलेली होती, आणि खुद्द त्या समितीनेच सावध केलं होतं की कमाईच्या नादात शिक्षण मागे पडू शकतं. पुढे बऱ्याच ठिकाणी सूत राहिलं आणि त्याच्याशी जोडलेलं गणित-भूगोल सुटलं. १९६४-६६ च्या कोठारी शिक्षण आयोगाने कार्यानुभव आणला, तो कल्पना म्हणून चांगलाच होता, पण वेळापत्रकात त्याला वेगळी तासिका मिळाली आणि बाकीचे विषय जसे होते तसेच राहिले. माझ्या मते चूक तिथे झाली. हाताचं काम वेगळ्या कप्प्यात गेलं की भाषा-गणिताच्या तासाला हात बांधलेलेच राहतात.

मोंटेसरींनी १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत बालगृह सुरू केलं, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांबरोबर परिसरातल्याच वस्तू घेऊन काम केलं, यावर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलंय म्हणून इथे थांबत नाही.

मला थांबायचंय ते होशंगाबादपाशी. १९७२ मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात १६ शाळांत विज्ञान प्रयोगातून शिकवायला सुरुवात झाली, सहावी ते आठवी. शाळांना साहित्याचे किट दिले, मुलं चौघाचौघांच्या गटात प्रयोग करायची, निष्कर्ष स्वतः काढायची, आणि १९७८ पासून हे सगळ्या जिल्ह्यात गेलं. वेगळेपण काय, तर त्यांनी परीक्षाच बदलली. लेखी पेपरला पुस्तक-वही उघडून बसायला परवानगी, आणि जोडीला प्रयोगाची परीक्षा. काचेच्या यादीचा रोग बरा करायचा तर यादी विचारणंच बंद करायला हवं, हे त्यांना कळलं होतं. तीस वर्षं चाललेला हा कार्यक्रम २००२ मध्ये सरकारने बंद केला.

जपानची गोष्टही अशीच. तिथे २००२ पासून तिसरी ते सहावीला एकात्मिक अभ्यासासाठी वर्षाला १०५ ते ११० तासिका दिल्या, मुलांनी परिसरातला प्रश्न घ्यायचा आणि शोधायचा. मग आंतरराष्ट्रीय चाचण्यांत गुण घसरले अशी ओरड झाली आणि पुढच्या अभ्यासक्रमात त्या ७० वर आल्या. एक बाजू इथे मान्य करायला हवी, मुलांना साहित्य देऊन नुसतं सोडून दिलं तर नवशिक्यांचं शिकणं भरकटतं, किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या संशोधकांनी २००६ मध्ये हेच ठासून मांडलं होतं. शिक्षकाने प्रश्न विचारत, थांबवत, दाखवत सोबत राहायला लागतं. म्हणूनच मोठ्या वर्गात हे अवघड जातं.

माझ्या वर्गात बी उलटं ठेवलं तर मूळ वर जाईल का असा वाद झाला होता. ओल्या कागदात बिया ठेवल्या, काही सरळ काही उलट्या, आणि मुलं रोज सकाळी दप्तर टाकायच्या आधी तिकडे पळायची. उलट्या बीचं मूळ वळून खाली यायला लागलं तोपर्यंत पोर्शन दोन धडे पुढे गेला होता, आणि चाचणीत प्रश्न आला, मुळाची कार्ये लिहा.

म्हणून माझ्या अपेक्षा आता अगदी नेमक्या आहेत. आठवड्यात दोन तासिका सलग जोडून मिळाव्यात, कारण पस्तीस-चाळीस मिनिटांत साहित्य काढून आवरण्यातच वेळ जातो. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी १० दप्तराविना दिवस आहेत, ते चांगलंच आहे, पण पहिली-दुसरीच्या मुलाला दिवस बाजूला काढून नको, रोजच्या गणितात वजनकाटा हवाय. चाचणीत एक तरी प्रश्न असा हवा की जो समोर वस्तू ठेवल्याशिवाय सोडवताच येणार नाही. आणि आमची ट्रेनिंग स्लाइड दाखवून नकोत, होशंगाबादला शिक्षक सुट्टीत जमून मुलांचे सगळे प्रयोग आधी स्वतः करायचे, चुकायचे, एकमेकांशी भांडायचे आणि मगच वर्गात जायचे, तशी हवीत.