ब्राउझरमधील छायाचित्र-संपादन

संगणकावर वेगळे सॉफ्टवेअर न बसवता, महाजालावरील पानातच छायाचित्र उघडून त्यात फेरफार करण्याची पद्धत. क्रॉप करणे, आकार कमी करणे, उजेड व रंग सुधारणे, अक्षरे टाकणे ही रोजची कामे तीत सहज होतात. लेअर (एकावर एक रचलेले चित्राचे थर), मास्क (थराचा काही भाग झाकण्याची युक्ती) यांसारख्या सोयी पूर्वी फोटोशॉप (१९९०) व गिंप (१९९६) अशा डेस्कटॉप सॉफ्टवेअरपुरत्याच होत्या. त्याही आता काही ऑनलाइन संपादकांत मिळतात.

उगम : या पद्धतीची सुरुवात कोठून धरायची याबाबत एकवाक्यता नाही. नोव्हेंबर १९९५ मधील आरएफसी १८६७ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजाने वेब-फॉर्ममधून फाइल पाठवण्याची रीत मांडली. त्यानंतर, साधारणपणे १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात, चित्र स्वीकारून ते सर्व्हरवर इमेजमॅजिकसारख्या साधनाने बदलून परत देणारी पाने शक्य झाली. काहींच्या मते हाच आरंभ. मात्र तेथे प्रत्येक फेरफारासाठी चित्राला सर्व्हरपर्यंत जाऊन यावे लागे, आणि पान नव्याने उघडेपर्यंत परिणाम दिसत नसे. त्याला चित्र-रूपांतर म्हणता येईल. संपादन म्हणणे जरा धाडसाचे आहे.

दुसरा पक्ष २००५ मधील फ्लॅश प्लेअर ८ला, म्हणजे ब्राउझरला जोडून हलती व परस्परसंवादी पाने चालवणाऱ्या पूरक सॉफ्टवेअरला, महत्त्व देतो. त्यातील ‘बिटमॅपडेटा’ या प्रोग्रॅमिंगच्या सोयीमुळे पिक्सेलवरील आकडेमोड वापरणाऱ्याच्या संगणकावर, तीही नजरेसमोर होऊ लागली. घसरपट्टी सरकवताच उजेड बदलताना दिसणे हे संपादनाचे लक्षण मानले, तर हा पक्ष अधिक ग्राह्य ठरतो. अर्थात येथेही सर्व्हरची मध्यस्थी सुटली नव्हती. संगणकावरील फाइल थेट वाचण्याची मुभा फ्लॅशला दहाव्या आवृत्तीत (२००८) मिळाली; तोवर फोटो आधी अपलोड करून तो पुन्हा ब्राउझरात उतरवावा लागे. चित्राची कमाल मर्यादाही २८८० × २८८० पिक्सेल, म्हणजे सुमारे ८३ लाख पिक्सेल होती. पिक्निक, अ‍ॅव्हियरी, पिक्सलर आणि अडोबीचे फोटोशॉप एक्सप्रेस (२००८) ही या काळातील प्रमुख नावे. ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा आधार संपला.

तोपर्यंत पर्याय तयार होता. अ‍ॅपलने २००४ मध्ये वेबकिटात (पाने दाखवणाऱ्या ब्राउझर-इंजिनात) आणलेला ‘कॅन्व्हास’ हा चित्र रेखाटण्याचा घटक पुढे एचटीएमएल ५ या वेबपानांच्या भाषेत समाविष्ट झाला (अंतिम शिफारस २०१४). वेबजीएल या तंत्राने (२०११) ग्राफिक्स चिपची ताकद दिली, तर वेबअसेंब्ली या तंत्रामुळे (२०१७) सी++ या प्रोग्रॅमिंग भाषेतील जुना कोड ब्राउझरात चालवता येऊ लागला. इव्हान कुट्स्किर यांचे फोटोपी (२०१३) पीएसडी, म्हणजे फोटोशॉपची स्वतःची फाइल, लेअरसह उघडते आणि काम वापरणाऱ्याच्याच संगणकावर करते. खुद्द फोटोशॉपची वेब आवृत्ती २०२१ मध्ये चाचणीसाठी, तर २०२३ मध्ये वर्गणीदारांसाठी अधिकृतपणे खुली झाली.

मर्यादा : ६००० × ४००० पिक्सेलचा फोटो जेपेग म्हणून काही एमबीचाच असतो, उघडल्यावर मात्र प्रत्येक पिक्सेलला चार बाइट याप्रमाणे तो ९६ एमबी स्मृती घेतो. असे पाच लेअर झाले की टॅब अडखळू लागण्याची शक्यता असते. कॅन्व्हास सहसा प्रत्येक रंगाला ८ बिट, म्हणजे २५६ पायऱ्या देतो. कॅमेऱ्याच्या १४ बिटांच्या रॉ (प्रक्रिया न केलेल्या) फाइलमध्ये त्या १६,३८४ असतात. म्हणून प्रगत संपादक आपली आकडेमोड स्वतंत्रपणे, जास्त बिटांत करतात आणि कॅन्व्हास केवळ दाखवण्यापुरता वापरतात.

पारदर्शक भागांत एक बारीक खोच आहे. कॅन्व्हास रंगाची किंमत पारदर्शकतेच्या प्रमाणात आधीच कमी करून साठवतो. लाल २०० आणि अपारदर्शकता २५५ पैकी १० असलेला पिक्सेल ठेवला, तर साठ्यात ७.८४ ऐवजी पूर्णांक ८ राहतो. परत वाचताना त्याचे २०४ होतात. डोळ्यांना फरक जाणवत नाही, पण तोच भाग पुढे अधिक अपारदर्शक केला तर रंगात डाग उमटू शकतात.

कॅन्व्हासमध्ये फक्त पिक्सेल असल्याने तेथून थेट बाहेर काढलेल्या जेपेगमध्ये एक्झिफ माहिती, म्हणजे तारीख, कॅमेरा, स्थळ इत्यादी, उरत नाही. संपादकाला ती मुद्दाम परत जोडावी लागते. कागदपत्रांचे फोटो सुधारताना ते सर्व्हरवर जातात का हा प्रश्न महत्त्वाचा, आणि त्याचे उत्तर एकाच संपादकातही सोयीगणिक बदलते: उजेड जागीच बदलतो, पण पार्श्वभूमी काढण्याचे काम बाहेर पाठवले जाऊ शकते. पान उघडल्यावर इंटरनेट बंद करून पाहिल्यास कोणती सोय कोठे चालते याचा अंदाज येतो.

‘सेव्ह’ही सर्वत्र सारखे नाही. क्रोमने २०२० मध्ये मूळ फाइलवरच लिहिण्याची परवानगी आणली; फायरफॉक्स व सफारीत मात्र बदललेले चित्र नवी फाइल म्हणून डाउनलोड होते. शिवाय सेवा बंद पडली की साधनच हातचे जाते. गूगलने २०१० मध्ये विकत घेतलेले पिक्निक १९ एप्रिल २०१२ रोजी बंद झाले, तेव्हा डेस्कटॉप सॉफ्टवेअरप्रमाणे जुनी आवृत्ती वापरत राहण्याचा मार्ग कोणापाशी नव्हता.