कंपनी सरकारचं ‘राम दरबार’ नाणं खरं नाही

एका बाजूला राम-सीता-लक्ष्मण-हनुमान, दुसरीकडे ‘ईस्ट इंडिया कंपनी, 1818, वन आना’. असं तांब्याचं नाणं लाखोंना विकलं जातं, अशी समजूत वर्षानुवर्षं फिरते आहे, आणि त्यापायी माणसं ऑनलाइन पैसे घालवतात.

कंपनीने असं नाणं कधीच पाडलं नाही. एक आण्याचं नाणंच मुळात इथे एडवर्ड सातव्याच्या काळात आलं, तेही तांब्याचं नव्हे, तांबं-निकेलचं. 1818 साली, म्हणजे पेशवाई बुडाली त्या वर्षी, कंपनीची मुंबई, मद्रास, बंगाल इलाख्यांची नाणी वेगवेगळी होती. सगळीकडे एकसारखी नाणी 1835 पासून. हो, देवांची नाणी कंपनीने काढली होती, पण ती मद्रासचे सोन्याचे होन, व्यंकटेशाची मूर्ती असलेले. राम दरबाराचे तुकडे म्हणजे मागाहून बनवलेली टोकनं. देव्हाऱ्यात ठेवा, दाम मोजू नका.

‘चुंबकाला चिकटत नाही, म्हणजे अस्सल’ हेही फसवं आहे. तांबं, पितळ, जर्मन सिल्व्हर (नावालाच चांदी, असतो मिश्रधातू), काहीच चिकटत नाही. व्हिक्टोरियाचा चांदीचा रुपया घेताना विक्रेत्याकडून काट्यावरच्या वजनाचा फोटो मागा: 11.66 ग्रॅम, झिजलेला असेल तर जरा कमी. कडेचाही फोटो हवा. ओतीव नकलेत तिथे बऱ्याचदा सांध्याची रेघ दिसते.