रटलंड (इंग्लंड)

रटलंड : इंग्लंडच्या मध्य-पूर्व भागातील कौंटी, म्हणजे पारंपरिक प्रशासकीय विभाग; कायद्याच्या भाषेत मात्र एक डिस्ट्रिक्ट. क्षेत्रफळ सुमारे 382 चौ. किमी. 2021 च्या जनगणनेनुसार लोकसंख्या 41 हजारांच्या आसपास. गावे म्हणावीत अशी दोनच, ओकम आणि अपिंगहॅम; बाकी सगळी खेडी, शेते आणि मेंढ्यांची कुरणे. लेस्टरशायर, लिंकनशायर आणि नॉर्थॅम्प्टनशायर या तीन कौंट्यांच्या बेचक्यात हा मुलूख बसला आहे. ‘मुल्टुम इन पार्वो’ हे त्याचे लॅटिन बोधवाक्य. मूर्ती लहान पण कीर्ती महान, ही आपली म्हण त्याच्या जवळ जाते.

मराठी वाचकाने ‘डिस्ट्रिक्ट’ या शब्दापाशी आधी थोडे थांबावे. आपल्याकडे जिल्हा म्हटले की जिल्हाधिकारी डोळ्यांसमोर येतो. इंग्लंडमधल्या डिस्ट्रिक्टला असा कोणी अधिकारी नसतो. तिथे डिस्ट्रिक्ट म्हणजे निवडून आलेल्या कौन्सिलचे कार्यक्षेत्र. जिथे दोन स्तरांची रचना आहे तिथे शाळा, रस्ते, वृद्ध आणि निराधारांची देखभाल ही मोठी कामे वरच्या कौंटी कौन्सिलकडे असतात. कचरा उचलणे, बांधकाम परवाने, घरांचे प्रश्न ही कामे खालच्या डिस्ट्रिक्ट कौन्सिलकडे. रटलंड आळीपाळीने दोन्ही बाजूंना राहिले आहे : आधी कौंटी, मग 23 वर्षे नुसता डिस्ट्रिक्ट, आणि आता एकाच कौन्सिलमध्ये दोन्ही.

नॉर्मन विजयापूर्वी हा प्रदेश इंग्लंडच्या राण्यांच्या खाजगीतला होता. राजा एथेलरेडची पत्नी एमा आणि पुढे एडवर्ड द कन्फेसरची पत्नी ईडिथ यांच्याकडे इथल्या जमिनी होत्या. 1086 च्या डूम्सडे या जमिनींच्या नोंदवहीत ‘रोटलंड’ आहे, पण पूर्ण कौंटी म्हणून नव्हे. त्यातला काही भाग नॉटिंगहॅमशायरला जोडलेला आणि काही नॉर्थॅम्प्टनशायरमध्ये दाखवलेला. बाराव्या शतकात त्याचा कौंटी म्हणून स्वतंत्र उल्लेख येऊ लागतो. तरीही चौदाव्या शतकापर्यंत कागदोपत्री त्याला अधूनमधून ‘सोक’, म्हणजे मोठ्या जहागिरीच्या न्यायकक्षेतला मुलूख, असेच म्हटले जाई. थोडक्यात, रटलंडला कौंटी म्हणायचे की नाही हा घोळ आजचा नाही.

ओकमचा किल्ला नावालाच किल्ला. उभे आहे ते फक्त दिवाणखान्यासारखे लांबरुंद सभागृह. ते बाराव्या शतकाच्या अखेरीस वॉकेलिन द फेरर्सने बांधले. कित्येक शतके इथे न्यायालय भरत असे. आत पाऊल टाकले की भिंतीभर घोड्याचे नाल दिसतात, दोनशेहून अधिक. काही मुठीएवढे, तर काही माणसाच्या छातीएवढे, मुकुट कोरलेले, रंगवलेले, सोनेरी मुलाम्याचे. राजघराण्यातील किंवा उमराव घराण्यातील व्यक्ती पहिल्यांदा ओकमला आली की तिने एक नाल द्यायचा, अशी इथली रीत आहे. आज असलेल्यांपैकी सर्वांत जुना नाल राजा चौथ्या एडवर्डने सुमारे 1470 मध्ये दिलेला समजतात. ‘फेरर्स’ हे नाव आणि नाल ठोकणाऱ्या कारागिरासाठीचा ‘फॅरियर’ हा शब्द यांचा संबंध या प्रथेच्या मुळाशी सांगितला जातो. नाल टांगले आहेत तेही तोंड खाली करून. इंग्लंडमध्ये इतरत्र याला अपशकुन मानतात, कारण नशीब सांडून जाते. ओकमकर म्हणतात, तोंड वर ठेवले तर खोबणीत सैतान येऊन बसेल. कौंटीच्या झेंड्यावरही हाच नाल आहे. किल्ल्यापासून चार पावलांवर बाजारात बटरक्रॉस नावाचा अष्टकोनी लाकडी मांडव आहे. त्याच्याखाली गुन्हेगारांचे पाय अडकवायचा खोडा आहे आणि त्याला भोके पाच आहेत. पाचच का, याच्या कहाण्या गावात पुष्कळ.

एकोणिसाव्या शतकात स्थानिक कारभाराचा खरा कस लागला तो अपिंगहॅममध्ये. ओकम आणि अपिंगहॅम या दोन्ही गावांतल्या शाळा 1584 मध्ये रॉबर्ट जॉन्सन या धर्माधिकाऱ्याने स्थापन केल्या. 1853 मध्ये मुख्याध्यापक म्हणून आलेल्या एडवर्ड थ्रिंगने अपिंगहॅमच्या शाळेला नावारूपाला आणले. गावचा सगळा व्यापार शाळेवर पोसला जाऊ लागला : खाटीक, बेकरीवाला, शिंपी, चांभार. 1875 च्या शरद ऋतूत शाळेत विषमज्वर पसरला, मुले दगावली. विहिरी आणि मैलाखड्डे शेजारीशेजारी, गटारांची अवस्था वाईट. सुधारणा करायची ती गरिबांच्या आश्रयगृहांचा कारभार पाहणाऱ्या आणि आता आरोग्याचीही जबाबदारी आलेल्या स्थानिक मंडळाने. पण खर्च म्हणजे करवाढ, आणि कर भरणारे तेच, म्हणून काम रेंगाळले. नव्या वर्षात मुले परत आली आणि साथही परत आली. एप्रिल 1876 मध्ये थ्रिंगने अख्खी शाळाच उचलली : सुमारे तीनशे मुले, शिक्षक, खाटा, सामानसुमान सगळे वेल्सच्या किनाऱ्यावरील बोर्थ गावी नेले आणि तिथल्या एका हॉटेलात वर्ग भरवले. इकडे गावातली दुकाने ओस पडली. ज्यांना गटारांचा खर्च परवडत नव्हता त्यांना शाळा गमावणे त्याहून महाग पडले. पाणीपुरवठा आणि गटारांची कामे मार्गी लागल्यावर, 1877 मध्ये, शाळा परतली. लहान क्षेत्रात कारभार पाहणारे आणि कर भरणारे एकमेकांचे सोयरेधायरे असतात. त्याचा तोटा काय, हे या प्रकरणात जितके उघडे दिसते तितके क्वचितच दिसते.

1888 च्या कायद्याने इंग्लंडभर निर्वाचित कौंटी कौन्सिले आली आणि 1889 पासून रटलंडलाही आपले कौन्सिल मिळाले. 1894 नंतर त्याखाली ओकम, अपिंगहॅम आणि केटन ही ग्रामीण डिस्ट्रिक्ट मंडळे होती. ओकम शहराचे वेगळे नागरी मंडळ 1911 मध्ये झाले. एवढ्याशा कौंटीत इतकी मंडळे! साहजिकच दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनमधल्या आखणीकारांची नजर रटलंडवर गेली. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ते लेस्टरशायरमध्ये विलीन करावे अशी शिफारस झाली. रटलंडकरांनी जोरदार विरोध केला आणि 1963 मध्ये सरकारने माघार घेतली. ही सवलत फार टिकली नाही. 1972 च्या कायद्यानुसार 1 एप्रिल 1974 रोजी रटलंड कौंटी संपली आणि लेस्टरशायरमधला एक डिस्ट्रिक्ट झाली.

याच सुमारास ग्वॉश नदीच्या खोऱ्यात एंपिंगहॅमजवळ धरण होत होते. नेदर हॅम्बल्टन आणि मिडल हॅम्बल्टन ही वस्तीस्थाने पाण्याखाली गेली. टेकडीवरचे अप्पर हॅम्बल्टन तेवढे उरले, आता तीन बाजूंनी पाण्याने वेढलेले. नॉर्मंटनचे चर्च अर्ध्या उंचीपर्यंत भरून घेऊन, भोवती दगडी भराव घालून वाचवले. ते आज काठावर पाण्यात उभे असल्यासारखे दिसते. पाणी जाते ते मुख्यतः कौंटीबाहेरच्या शहरांना, त्यामुळे जमीन गेलेल्यांचा राग समजण्यासारखा होता. सुमारे 11 चौ. किमी पसरलेला हा जलाशय पृष्ठभागाच्या मापाने इंग्लंडमधला सर्वांत मोठा कृत्रिम जलाशय आहे. त्याला आधी एंपिंगहॅम जलाशय म्हणत. पुढे नाव पडले रटलंड वॉटर. कौंटी नकाशावरून पुसली गेली असताना पाण्याने तिचे नाव राखले, ही गंमतच. 1996 पासून इथे मत्स्यगरुड (ऑस्प्रे) पुन्हा वसवण्याचा प्रयत्न झाला आणि 2001 मध्ये त्यांची पहिली वीण झाली. 2021 मध्ये तळ्याच्या गाळात सुमारे दहा मीटर लांबीच्या इक्थिओसॉर या प्राचीन सागरी सरपटणाऱ्या प्राण्याचा सांगाडा सापडला.

नव्वदच्या दशकात इंग्लंडमधल्या स्थानिक संस्थांची पुन्हा फेरमांडणी झाली. 1 एप्रिल 1997 रोजी लेस्टर शहर आणि रटलंड दोन्ही लेस्टरशायरपासून वेगळी झाली. रटलंडला दोन्ही स्तरांचे अधिकार एकाच कौन्सिलकडे मिळाले आणि राजाचा प्रतिनिधी असलेला लॉर्ड लेफ्टनंटही परत आला. पण कायद्याच्या भाषेत ही संस्था मुळात डिस्ट्रिक्ट कौन्सिलच राहिली. परिणामी तिचे पूर्ण अधिकृत नाव झाले ‘रटलंड कौंटी कौन्सिल डिस्ट्रिक्ट कौन्सिल’. पाटीवर अर्थातच नुसते ‘कौंटी कौन्सिल’ असते. टपाल खात्याच्या पत्त्यांत रटलंडला स्वतंत्र स्थान मिळायला मात्र 2007 उजाडले.

कौन्सिलचे कार्यालय ओकममधील कॅटमोस या इमारतीत आहे. सदस्य 27, सर्व जागांसाठी दर चार वर्षांनी एकदम निवडणूक. 2023 मध्ये कुठल्याच पक्षाला बहुमत मिळाले नाही. अपक्षांचे वजन इथे पूर्वीपासून आहे. खालच्या पातळीवर पन्नासहून अधिक पॅरिशेस आहेत. काहींचे कौन्सिल आहे, तर अगदी छोट्या वस्तीत नुसती गावसभा भरते. पोलीस आणि अग्निशमन या सेवा लेस्टरशायरबरोबर सामाईक आहेत. केंद्राकडून मिळणारे अनुदान कमी असल्याने खर्चाचा भार रहिवाशांवर पडतो, आणि घरपट्टीसारखा असलेला कौन्सिल टॅक्स इथे देशातल्या सर्वांत चढ्या दरांत मोडतो. संसदेसाठी रटलंड एकट्याने मतदारसंघ होण्याइतके मोठे नाही. 1983 पासून ते मेल्टनशी जोडलेले होते. 2024 मध्ये ‘रटलंड आणि स्टॅमफर्ड’ हे त्याआधीचे जुने नाव परत आले.

डिसेंबर 2024 मध्ये ब्रिटिश सरकारने दोन स्तरांची रचना मोडून सर्वत्र एकस्तरीय कौन्सिले आणण्याचे धोरण जाहीर केले. त्यात नव्या कौन्सिलसाठी पाच लाख लोकसंख्येचा ढोबळ निकष आहे. रटलंड त्या आकड्याच्या बाराव्या हिश्श्यालाही पोहोचत नाही, आणि लेस्टरशायरच्या फेररचनेच्या चर्चेत त्याचे नाव पुन्हा घेतले जाऊ लागले.