ईपर रणांगण सहल

ईपर रणांगण सहल म्हणजे बेल्जियमच्या पश्चिम फ्लँडर्समधल्या ईपर गावाभोवती पहिल्या महायुद्धात (१९१४-१८) जिथे जिथे लढाया झाल्या ती शेतं, टेकाडं, कबरस्तानं आणि स्मारकं गाईडबरोबर एका दिवसात बघायची टूर. बहुतेक टूर छोट्या मिनीबसने होतात, ईपरहूनच नाहीतर ब्रुज किंवा फ्रान्समधल्या लीलहून सकाळी निघतात आणि संध्याकाळी परत सोडतात. अर्ध्या दिवसाच्या पण असतात, त्यात नुसतं उतरा-बघा-बसा होतं.

गाईड लागतोच, कारण नुसतं बघून इथे काही म्हणजे काही कळत नाही. बटाट्याची शेतं, गाई, विटांची घरं, सगळं सपाट. ज्या उंचवट्यासाठी चार वर्षं माणसं मेली तो समुद्रसपाटीपासून जेमतेम ५०-६० मीटर, मिनीबस चढावर आहे हेही कोणी सांगितल्याशिवाय लक्षात येत नाही. पण जर्मन वर आणि ब्रिटिश खाली, तेही तीन बाजूंनी वेढलेले, त्यामुळे खालची प्रत्येक हालचाल वरच्याला दिसायची, त्यात माती चिकण, पाणी मुरत नाही आणि शेतातलं पाणी काढणारे चर तोफगोळ्यांनी उद्ध्वस्त केलेले, मग १९१७ मध्ये जवळच्या पासनडेल गावाच्या लढाईत माणसं चिखलात बुडून कशी मेली ते तिथे उभं राहून पटतं. चांगला गाईड लॅमिनेट केलेला जुना फोटो त्याच जागेवर हातात देतो, समोर चर्च आहे आणि फोटोत तिथे विटांचा ढीग.

ठरलेले थांबे साधारण तेच असतात. एसेक्स फार्मला काँक्रीटच्या बुटक्या ओलसर खोल्या आहेत, जखमींवर उपचार व्हायचे ती जागा. कॅनडाचा डॉक्टर जॉन मॅक्रे १९१५ मध्ये इथेच काम करत होता आणि पॉपीच्या फुलांची 'इन फ्लँडर्स फील्ड्स' ही प्रसिद्ध कविता त्याने तेव्हाच लिहिली. बाजूच्या कबरींत एक १५ वर्षांच्या पोराची आहे, शाळेच्या सहली तिथे हमखास थांबतात. हिल ६० ही टेकडी खरी टेकडीच नाही, रेल्वेसाठी खोदलेली माती टाकून झालेला ढीग आहे, आणि त्याच्याखाली दोन्ही बाजूंनी बोगदे खणून ७ जून १९१७ ला ब्रिटिशांनी स्फोट केला. जवळच्या खड्ड्यात आता तळं झालंय.

टाइन कॉट आणि लँगेमार्क ही दोन कबरस्तानं मात्र एकाच दिवशी बघावीत, एक बघून दुसरं सोडलं तर सहल अर्धीच झाली असं माझं स्पष्ट मत आहे. टाइन कॉट हे राष्ट्रकुल देशांचं जगातलं सगळ्यात मोठं युद्ध कबरस्तान, जवळपास १२,००० कबरी, त्यातल्या ८,३०० हून जास्त कोणाच्या ते माहीतच नाही. पांढरे एकसारखे दगड, अधिकारी असो की शिपाई उंची तीच, पुढे फुलझाडं. मधला क्रॉस जर्मन बंकरवरच बांधलाय. लँगेमार्क जर्मनांचं, ४४,००० च्या वर माणसं पुरलेली, त्यातली सुमारे २५,००० एकाच सामूहिक कबरीत. ओकची झाडं, जमिनीलगत काळपट दगड, एकेका दगडावर कितीतरी नावं. फुलं जवळपास नाहीतच. हरलेल्या देशाला परक्या जमिनीवर जागा किती मिळाली ते इथे दिसतं.

शेतात अजूनही न फुटलेले गोळे निघतात, गॅसचेसुद्धा. शेतकरी ते रस्त्याच्या कडेला ठेवतात आणि सैन्याचं पथक येऊन उचलून नेतं. गंजलेला दिसला तरी हात लावायचा नाही, हे गाईड पहिल्याच थांब्यावर बजावतो.

ईपरच्या मेनिन गेटवर, १९२७ च्या या स्मारकावर, ज्यांचा मृतदेह मिळालाच नाही अशा ५४,००० हून जास्त सैनिकांची नावं कोरलीत. १९२९ पासून रोज रात्री ८ वाजता तिथे बिगुलावर लास्ट पोस्ट, म्हणजे मेलेल्या सैनिकांना मानवंदनेची धून वाजते, दुसऱ्या महायुद्धात जर्मन ताबा होता तेवढाच खंड. ब्रुजला परतणाऱ्या बऱ्याच टूरना हे जमत नाही म्हणून रात्री ईपरलाच राहिलेलं बरं.

या नावांत भारतीय चारशेच्या वर आहेत, आणि गेटजवळच्या तटबंदीवर सिंहमुद्रा असलेलं भारतीय सैन्याचं स्मारकही आहे. ३१ ऑक्टोबर १९१४ ला इथल्याच होलबेकेला १२९ व्या बलुची पलटणीचे शिपाई खुदादाद खान मशीनगनवर एकटे उरेपर्यंत लढले, मेले समजून जर्मन पुढे गेले आणि रात्री हे सरपटत आपल्या लोकांकडे पोचले. व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा शौर्याचा सर्वोच्च सन्मान मिळालेले ते पहिले भारतीय सैनिक. एप्रिल १९१५ मध्ये भारतीय सैन्याच्या लाहोर डिव्हिजनने क्लोरीन गॅस झेलला तोही ईपरलाच. नव्ह शापेलचं भारतीय स्मारक मात्र सीमेपलीकडे फ्रान्समध्ये, गाडीने पाऊण तासाच्या आसपास, ४,७०० हून जास्त नावं. तिथे २८ ऑक्टोबर १९१४ ला ४७ व्या शीख पलटणीबरोबर खडकीच्या सॅपर्सच्या (सैन्यातल्या इंजिनिअर तुकडीच्या) २० आणि २१ नंबरच्या कंपन्या गावात घुसल्या होत्या, गल्लीबोळात लढल्या आणि बहुतेक अधिकारी गमावून मागे आल्या. नेहमीच्या टूरमध्ये हा थांबा सहसा नसतो, प्रायव्हेट गाडी ठरवून बुकिंगच्या वेळीच सांगावं लागतं, आणि घरातल्या कोणाचं नाव शोधायचं असेल तर राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या वेबसाईटवर आधी पॅनेल नंबर (नाव भिंतीच्या कोणत्या भागावर आहे तो) काढून गाईडला पाठवला की तो बरोब्बर त्या भिंतीसमोर नेऊन उभं करतो.